धोंडाबाईंच्या मागच्या दारची घूस

धोंडाबाई औशाकडच्या खेड्यातून लेकाकडं लातूरला आल्या, तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. लेक व्यंकट नव्या कचेरीत कारकून. आमच्याच गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या, मागं एवढंसं अंगण. बाईंना शहरातलं सगळं पटलं. नळ असून त्याला पाणी नसतं हेही पटलं, कारण त्या वर्षी दुष्काळ होता आणि गावाकडच्या विहिरीलाही नव्हतं. पटला नाही तो कचऱ्याचा डबा.

"उकिरडा गावाभायेर आसतोय रं व्यंकटा. तुमी त्यो डब्यात घालून सैपाकघराच्या दारात ठिवलाव!"

डबा म्हणजे तेलाचा डबा, तोंड कापलेला. झाकण नाही. प्यायचं पाणीच टँकरचं, तिथं डबा कोण धुणार? बुडाशी काळा थर, वर माश्या, खाली झुरळं.

बाईंचे हात आधी चालायचे, विचार मागून यायचा. त्यांनी डबा दोरीनं अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगला. झुरळांची सोय मोडली, कावळ्यांची झाली. दुसऱ्या दिवशी शेजारचे आप्पासाहेब इस्त्रीचा सदरा घालून त्या फांदीखालून सायकल काढत होते, तर डोक्यावर वांग्याचे देठ आणि चहाचा चोथा.

"धोंडाबाई, ह्ये काय हाय?"

"कावळे हायत, आप्पा. बाजूला व्हा."

मग डबा खाली आला. त्याच्यावर पत्र्याचं झाकण आलं आणि कुत्र्यानं उघडू नये म्हणून झाकणावर पाटा. कुत्र्याला तो हलेना, पण सुनेलाही हलेना. बिचारी कचरा डब्याच्या शेजारी ठेवायला लागली. थोड्याच दिवसांत डबा आतून रिकामा आणि भोवती उकिरडा, असं झालं. त्या वासावर मोरीच्या भोकातून घूस यायला लागली. मांजराएवढी, राठ केसांची, आणि चालणं असं की घरभाडं तीच भरते.

टँकरच्या रांगेत बाईंनी हे दुःख मोठ्यानं मांडलं. "आमच्याकडं रोज सांजच्याला घूस यायलीय. मागच्या दारानं!"

रांगेत पुढं नायब तहसीलदारांच्या बाई उभ्या होत्या. व्यंकट त्याच साहेबांच्या हाताखाली. या बाईंचं माहेर इंदूरचं. हिंदीत घूस म्हणजे लाच. आपल्या मराठीतली घूस त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांनी घागर खाली ठेवली.

"रोज येते?"

"रोज. कवा कवा दोन."

"आणि व्यंकटराव काही म्हणत नाहीत?"

"त्यो काय म्हणतोय! पाय वर घिऊन बसतोय खुर्चीवर. म्हणतोय, माय, सगळ्याच्याच घरी यायलीय, आपल्या एकट्याच्याच हाय का?"

संध्याकाळी साहेब स्वतः आले. खुर्चीवर बसले, चहाला नको म्हणाले. "व्यंकटराव, तुमच्याकडं रोज काय येतं, ते मला आईंच्याच तोंडून ऐकायचंय."

व्यंकटला काहीच उमजेना. धोंडाबाई मात्र हरखून बाहेर आल्या. अखेर सरकारनं दखल घेतली होती.

"बसा सायेब. तिची यायची येळच झाली. तुमच्याम्होरंच काय ती लावू वाट."

"माझ्यासमोर?"

"मग! तुमी असल्यावर व्यंकटाला धीर यील. लई भितोय त्यो."

"भितात, तरी घेतात?"

"त्यो कुठला घेतोय! म्याच घेते." असं म्हणून बाईंनी कोपऱ्यातली काठी घेतली.

काठी बघून साहेबांना काही विचारायचं होतं. पण तेवढ्यात मोरीतून खुडबुड झाली आणि घूस त्यांच्या बुटावरून सरळ डब्याकडं गेली. साहेब बुटासकट बाजेवर चढले.

"ही?"

"हीच. दुसरी मागनं येती."

साहेब बाजेवर उभ्याउभ्याच हसायला लागले. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेनात. मग त्यांनी घूस या शब्दाचा इंदुरी अर्थ सांगितला. व्यंकटला हसू आलं नाही. त्यानं तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं, टँकरचं असूनही.

साहेब गेल्यावर आजवर न बोललेली सून म्हणाली, "आत्याबाई, त्यो पाटा काढा. झाकण मला उचलाय आलं तर कचरा आत पडंल."

मग पाटा गेला. झाकणाला बिजागरी आणि कडी बसली, एका हातानं उघडेल अशी. भाजीचे देठ, सालं पलीकडच्या घरच्या शेळीला जायला लागली. पाणी नव्हतं, तर डबा राखेनं घासून उन्हात उपडा घालायचा आणि बुडाशी पुन्हा मूठभर राख टाकायची. दिवस मावळायच्या आत तो रिकामा झालाच पाहिजे. मोरीच्या भोकाला व्यंकटनं स्वतः जाळी ठोकली. साहेब तपासायला येणार असल्यासारखी, चारही बाजूंनी.

घूस यायची बंद झाली. चार दिवसांनी मागच्या गल्लीतल्या पार्वतीबाई कमरेला पदर खोचून दारात हजर. "धोंडाबाई, तुमची घूस आमच्याकडं धाडलाव व्हय?"

"माझी कशी? तिला जिथं खायाला मिळंल तिथं ती जाईल. चला, तुमचा डबा दावा."

राखेचं घमेलं काखेत मारून बाई निघाल्या. पार्वतीबाईंनी भांडण अर्ध्यावर सोडून चहा टाकला. धोंडाबाईंनी आधी त्यांचा डबा उपडा केला, मग कपबशी हातात घेतली.