धूर न दिसलेलं बेट

माझी आई प्राणहितेतल्या एका बेटावर जन्मली. मोजकीच घरं, सगळी मासे धरणारी, सगळी एकाच भावकीतली. ते बेट आता नाही, नदीनं हळूहळू कापून नेलं. तिच्या लहानपणी मोठा पूर आला, तेव्हा तिचा धाकटा भाऊ तिच्या मांडीवरच तापानं गेला. काठावरून होडी आलीच नाही.

"होडी निंगालीच असंन. धारेनं माघारी लोटली असंन," आई आयुष्यभर हेच सांगत आली. दोष नदीचा, माणसांचा नाही. आता म्हातारपणी तिनं धोशा लावला, "तुह्या कंपूटरात जुने पेपर दिसतेत मनते. पाह्य नं बाबू, किती डाव होडी टाकली ते."

अहेरीतलं नेट म्हणजे देवाची मर्जी. एक पान उघडेपर्यंत चहा थंड व्हायचा. आणि उघडून काय, तर साहेबांनी मारलेले वाघ, सागाचे लिलाव, कुण्या बड्याचा सत्कार. बेटावरची माणसं जगली काय, मेली काय, कुणाला सोयरसुतक? मी शिव्या घालायचो आणि पुढचं पान उघडायचो.

मग एका कोपऱ्यात, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, चार ओळी सापडल्या. बेटावर कुठेच धूर दिसत नव्हता. म्हणून वस्ती आधीच उठून गेली असं समजून होडी दुसऱ्या गावाला पाठवली होती.

आईनं सांगितलेलं आठवलं. पुराच्या पहिल्याच दिवशी आईचा आजा वारला होता. त्यांच्या भावकीत मयत झालं की तीन दिवस कुणाच्याच घरी चूल पेटत नाही, काठावरचे सोयरे भात आणून घालतात. त्या वेळी सोयऱ्यांना येता आलं नाही. तरी रीत ती रीत. सगळे वाळली मोहफुलं चावत होडीची वाट पाहत बसले.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिला माझं तोंड वाचता येतं. "वाच," म्हणाली. मी वाचलं.

"म्या आजीले मनलं होतं, पोराले थोडी पेज करून देऊ. तिनं काडीपेटी कमरेले खोसली."

नदीवर तरी राग धरता येत होता. आता कुणावर धरायचा? मेलेल्या आजीवर? आईपाशी एवढी एक समजूत होती, तीही गेली. कशाला शोधलं, असं मला रोज वाटतं.

घरात गॅस आहे. तरी आता रोज सकाळी ती अंगणात चूल पेटवते. वर भांडं ठेवत नाही. मुद्दाम ओली लाकडं घालते आणि खोकत बसते. परवा मी चिडलोच, "काऊन करून राह्यली वं आई हे?"

ती फुंकणीनं फुंकतच राहिली.

"धूर जाऊ दे नं वर," म्हणाली. "लेकरू हाय आपल्यापाशी."