कोर्टाच्या घड्याळाची सुट्टी

अक्का, मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी अप्पांनी गाडी विमानतळाकडं न नेता आधी तारिहाळला, आपल्या वर्कशॉपकडं वळवली, आठवतंय ना? आई मागच्या सीटवर चडफडत होती, "विमान काय तुमच्या मशीनसाठी थांबणार आहे होय?" अप्पांनी कुलूप काढलं, लेथ मशीनवरचं फडकं बाजूला केलं. "नमस्कार कर. हिच्या कमाईवरच शिकलीस तू." केला. हाताला ऑइल लागलं, ते नव्या ओढणीला पुसलं, आणि त्यावरून आईची बोलणी विमानतळापर्यंत खाल्ली.

इथलं गाव तू फोटोत बघितलंस तेवढंच आहे. मधे चौक, चौकात लाल विटांचं जुनं कोर्ट, समोर दगडी लायब्ररी, आणि एक जुनं रेल्वे स्टेशन, जिथं आता गाडी येत नाही, ब्रेड मिळतो. पहिलं वर्ष मी त्या लायब्ररीत बसून काढलं. आपल्या हुबळीत दाजीबानपेठेत चार पावलं टाकली की कोणीतरी "काय ग, अप्पा बरे आहेत?" म्हणून अडवतंय. इथं सगळे हसून पुढं जातात. हसण्यानं का पोट भरतंय? फार एकटं वाटायचं ग.

कोर्टाच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला अजून हातानं चावी देतात, हे लायब्ररीतल्या मार्थाबाईंनी सांगितलं. वयानं आईएवढ्या. चावी देणाऱ्यांचं मंडळ त्याच चालवतात. त्यांच्याबरोबर जिना चढून वर गेले, पितळी दातेरी चक्रं बघितली, तेलाचा वास आला आणि अय्यो, रडूच कोसळलं. तारिहाळचाच वास! लगेच मंडळात शिरले. पाळीपाळीनं आठवड्यातून एकदा हँडल फिरवायचं आणि वजनं वर चढवायची. मनोऱ्याची किल्ली हातात आली त्या दिवशी मी घरी शिरा केला.

गेल्या वर्षी माझी पाळी नेमकी खंडेनवमीला आली. आपल्या घरात त्या दिवशी यंत्र चालवायचं म्हणजे महापाप. मी घड्याळाच्या लाकडी पेटीवर झेंडू वाहिला, हात जोडले, "आज इसावा घे बाई" म्हटलं आणि खाली आले. उद्या देऊ की चावी, त्यात काय!

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत घड्याळ थांबलं होतं. माणसं माना वर करून चौकात उभी. नगरपालिकेला तिथं विजेची मोटार बसवायचीच होती, त्यांना आयतं निमित्त मिळालं. मार्थाबाई रागावल्या नाहीत, "बरी आहेस ना?" एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोटार आली की मंडळ गेलं, किल्ली गेली. मग या गावात माझं उरलं काय?

अप्पांना फोन केला. वाटलं, बाजू घेतील. कुठलं काय! "शहाणी की खुळी ग तू? नवमीला लेथ थांबवत होतो, गावच्या पाण्याचा पंप कधी कोणी थांबवला? आपलं पोट ज्याच्यावर, त्याला सुट्टी. गाव ज्याच्यावर चालतंय त्याला नाही. जा, सांग त्यांना."

नगरपालिकेच्या सभेत उभी राहिले. "चूक माझी, घड्याळाची नाही. माझी किल्ली काढून घ्या, पण मोटार नको. वर कोणी चढेनासं झालं तर त्याला तेल हवंय का गंज चढलाय, कोण बघणार?" आणि किल्ली टेबलावर ठेवली. मोटारीचा विषय त्यांनी पुढं ढकलला. बाहेर पायरीवर मार्थाबाईंनी किल्ली परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "सण कधी आहे ते आधी सांगत जा. आदल्या दिवशी चावी देऊ."

यंदा तसंच केलं. झेंडू त्यांनीच आणला. दसऱ्याला सोनं म्हणून वाटायला इथं बन्नीची पानं कुठली, म्हणून मेपलचं पिवळं पान त्यांना दिलं. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," असं आपल्याकडच्यासारखं कन्नडात म्हटलं. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या, असा अर्थ सांगितला. ते पान त्यांनी जपून पर्समध्ये ठेवलं.

अप्पा पूर्वी फोनवर विचारायचे, "तिकडं किती वाजले?" आता विचारतात, "तुझ्या घड्याळात किती वाजले ग?" मी मनगटाकडं बघत नाही. टोल पडायच्या वेळी खिडकी उघडून फोन चौकाकडं धरते. अप्पा हुबळीत बसून टोल मोजतात आणि म्हणतात, "चाललंय की बरोबर."