रघुनाथ भावोजींचं एकास पंचवीस घर

सावित्रीवैनी जिवंत असताना रघुनाथ भावोजी गावात सलग पंधरा दिवस कधी राहिले नाहीत. ती गेल्यावर मात्र, तिच्या वर्षश्राद्धाआधी, चांगले तीन महिने ठाण मांडून बसले.

भावोजी म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले चुलतभाऊ, आणि सावित्रीवैनी त्यांची बायको. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक दगडी गडगा, तोही ओलांडून ओलांडून खचलेला. मुंबईत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली. गणपतीला पाच दिवस, शिमग्याला चार, आणि मे महिन्यात आंबे उतरवायला, म्हणजे उतरवलेले खायला, आठवडाभर. निवृत्त झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता येतील. पण ते आमच्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाचे चिटणीस. गावाची सेवा करायची तर माणसाने मुंबईतच राहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. सेवा म्हणजे वर्षातून एकदा पोरांना वह्या आणि एकमेकांना शाली.

वैनी श्रावणात गेली. मागल्या पडवीत, सकाळच्या वेळी. चुलीवरचा हंडा रिकामा होऊन तडतडत होता, त्या आवाजाने मी गेले तर ही बाजूला पडलेली. त्याआधी तीन आठवडे ती भावोजींना फोनवर सांगत होती, हाताला मुंग्या येतात, काही धरवत नाही. "मंडळाची सभा होऊ दे, मग येतो," हे त्यांचं उत्तर. त्यांची एकुलती मुलगी मृणाली त्या आठवड्यांत एकदा दोन दिवसांच्या रजेवर घरी आली होती, तिने ते आईशेजारी बसून ऐकलं. दिवसकार्य उरकलं तशी ती दापोलीला गेली, कृषी विद्यापीठात तिची नोकरी आहे. बापाशी एक शब्द नाही. फोन उचलत नाही.

अशा वेळी माणूस काय करेल? दापोलीच्या एस.टी.त बसेल. भावोजींनी घराची प्रतिकृती करायला घेतली.

"नम्रता, हे सावित्रीचं स्मारक," ते मला म्हणाले. "तिने उभा जन्म ज्या घरात काढला ते घर. एकास पंचवीस प्रमाणात. मिलिमीटरचा फरक सापडायचा नाही. मृणाली हे बघेल ना, तर बोलेल माझ्याशी. बोलावंच लागेल."

हाताला कसब होतं, खोटं कशाला बोलू. खरा चिरा कानशीने घासून त्यांनी काडेपेटीहून लहान चिरे पाडले. कौलं मातीची, नखाएवढी, भाजून काढलेली. ओटीचे खांब सागाचे. ओटीवरच भिंतीला टेबल लावून ते दिवसभर बसायचे. मी चहा घेऊन गेले की भिंग माझ्या हातात देत.

त्या पावसाळ्यात खऱ्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला नारळाच्या झापांची आड कोणी बांधली नाही. ती दरवर्षी वैनी बांधायची. भिंत भिजून फुगली, आत पोपडे पडायला लागले. मी सांगितलं तर म्हणाले, "बघू, हे एवढं पॉलिश होऊ दे."

त्यांच्या छोट्या घराच्या दाराला आंब्याचं तोरण होतं. अंगण नुकतं सारवलेलं, त्यावर मांडव. खरं घर असं वर्षातून पंधरा-सोळा दिवस दिसायचं, ते येणार असले की. त्यासाठी वैनी आधी आठ दिवस राबायची. आणि उंबऱ्यात त्यांनी एक अडीच इंचांची बाहुली उभी केली होती. हिरवं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या.

"ही वैनी?" मी विचारलं.

"मग! मी आलो की अशीच उभी असायची."

शेजारच्या काशीआतेने काठी टेकत येऊन सगळं न्याहाळलं. "रघ्या, जिवंतपनी तिला एक खिडकी करून दिली नायस, आनि आता मेल्यावर घर बांदतंस? ऱ्हायला येनार हाय काय ती?"

"आते, तुला कलेतलं कळत नाही."

"नाय बाबा. मला फक्त सावित्री कळायची."

वर्षश्राद्धाच्या दिवशी मृणाली सकाळच्या गाडीने आली. मुंबईहून मंडळाचे दोघे आले होते, शाल घेऊनच. दारावर फ्लेक्स लागला होता. त्यावर वैनीच्या फोटोपेक्षा भावोजींचा फोटो मोठा, खाली 'संकल्पना व निर्मिती' म्हणून त्यांचं नाव. पानं वाढायच्या आधी रिबीन कापायची होती. श्राद्धाला रिबीन! भटजीसुद्धा तोंड फिरवून बसले.

रिबीन कापली गेली. मंडळवाले "वा, वा" म्हणाले. भावोजी कोणाकडेच बघत नव्हते, फक्त मुलीकडे. कापलेली रिबीन अजून त्यांच्या मुठीतच होती, तेवढ्यापुरता मला त्यांचा राग आला नाही.

मृणाली बराच वेळ बघत राहिली. मग वाकून तिने टेबलाला हात घातला आणि ते भिंतीपासून पुढे ओढलं. मागे कोरा प्लायवूड होता.

"मागलं दार कुठाय?"

वर्षभरात बापाशी बोललेले तिचे पहिले शब्द.

भावोजींचा चेहरा उजळला. बोलली ना! "अगं, ती बाजू भिंतीला लागते. दिसत नाही, म्हणून केली नाही."

"पडवी? चूल? न्हाणी?"

"दिसत नाही ना ते, बाळा."

"आई तिथेच असायची, बाबा. तुम्ही येणार असलात की साडी बदलून पुढे यायची. ती मेलीसुद्धा तिथेच."

मंडळवाल्यांनी शालीची घडी पिशवीत घातली. मृणालीने उंबऱ्यातली बाहुली उचलली, तिच्या हातातला तांब्या नखाने काढून टाकला आणि बाहुली पर्समध्ये ठेवली. जेवली नाही. बॅग घेऊन माजघरातून मागल्या दाराने निघाली. तिकडून रस्ता जवळ पडतो.

"मृणाली, थांब," म्हणत भावोजी मागे धावले आणि मागल्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून मटकन खाली बसले. ते दार बुटकं आहे. वाडीतली पोरंसुद्धा तिथे आपोआप वाकतात.

ती परत आली. खाली बसून टेंगूळ बघितलं, खोक नव्हती. "काकी, हळद लावा यांना," एवढं मला म्हणाली आणि गेली.

मी हळद कालवून आणली. भावोजी चुलीजवळ भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांत पाणी होतं, ते आपटल्याचं की कशाचं मी विचारलं नाही. काही वेळाने खिशातून टेप काढून म्हणाले, "नम्रता, ही चौकट मोजायला हवी. जरा एक टोक धरतेस?"

मी म्हटलं, "भावोजी, पानं वाढायची आहेत," आणि आत गेले.