मंगळवारची मासळी

अमिसा मास्तरांचं अराबाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते ती चौथीच्या वर्गात एका बकरीला कान धरून घेऊन आली तेव्हा.

त्या महिन्यात समुद्रकाठच्या एकुम्बा गावाच्या शाळेत एकही मूल एकटं संडासाला जात नव्हतं. तिथे उंच टाचांचे बूट घातलेली एक मेलेली बाई फिरते, टक् टक् आवाज येतो, असं सातवीच्या मुलींनी शपथेवर सांगितलं होतं. मुलं दिवसभर कळ दाबून बसत. मास्तरांनी आधी प्रार्थना घेतली, मग छडी दाखवली. दोन्हींचा उपयोग झाला नाही.

"मास्तर, ही तुमची बाई," अराबा म्हणाली. "मागच्या सिमेंटच्या पायरीवर चढते. चार वेळा हाकलली, चारही वेळा आवाज थांबला."

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. "आणि मास्तर, आतली एक फळी कुजलीय. भूत कुणाला खाणार नाही, पण त्या खड्ड्यात कुणीतरी पडेल."

मास्तरांनी जाऊन फळीवर काठी टेकवली. काठी आरपार गेली. दर सोमवारी ते संडासाची पाहणी करून वहीत सही करत होते.

अराबा पुढे फार शिकली नाही. आईचे गुडघे गेले, तशी ती मासे धुरवायच्या भट्टीवर बसली. मातीच्या भट्ट्यांवर जाळीच्या चौकटी, चौकटींवर तारली, खाली मंद धूर. चाळिशीला आली तोवर तिच्या अकरा भट्ट्या झाल्या होत्या. मास्तर निवृत्त झाले होते आणि रोज सकाळी तिच्याकडून मक्याच्या आंबट केंकीबरोबर खायला दोन मासे नेत होते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये तारली भरभरून आली. बायकांच्या झोपड्यांत टोपल्यांवर टोपल्या रचलेल्या होत्या. आतल्या कोकोच्या मुलखातून लॉरी यायची आणि सगळा माल उचलायची. दमट हवेत आठवडाभर पडून राहिला तर त्याला बुरशी चढते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात फीफीच्या भोंग्यातून ती बातमी आली. खांबावर बांधलेल्या भोंग्यातून तो रोज सकाळी मयताच्या, हरवलेल्या शेळ्यांच्या घोषणा करायचा आणि मध्येच रेडिओ लावायचा. रेडिओवरचा माणूस कापऱ्या आवाजात म्हणाला, की असेकोम गावात एकाच घरातले तिघं जण एकुम्बाची धुरावलेली तारली खाऊन मेले. ती मंगळवारी उतरलेली मासळी होती, विषारी पावडर टाकून पकडलेली.

दुपारी लॉरी आली आणि रिकामीच वळली.

बायका अराबाच्या भट्टीशी जमल्या. सगळ्यांत वडीलधाऱ्या एकुआ आंटीने मांडीवर थाप मारली. "मंगळवारी! ऐकलंत का गं? मंगळवारी समुद्रात होडी कोण घालतं? त्या रेडिओवाल्याच्या बापाने घातली होती का?"

हशा पिकला. मंगळवार समुद्राचा. त्या दिवशी एकुम्बाच्या किनाऱ्यावर जाळी शिवतात, भांडणं मिटवतात. पाण्यात कुणी उतरत नाही.

"म्हणजे खोटं! फीफीला सांगा, आत्ताच्या आत्ता भोंग्यावर सांग म्हणावं!"

"थांबा," अराबा म्हणाली. "वार चुकला म्हणून मेलेली माणसं जिवंत होत नाहीत, आंटी."

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"आपल्यातला एकही होडीवाला पावडर टाकत नाही, हे शपथेवर कोण सांगतंय?"

एकुआ आंटीचा धाकटा दीर होडीवाला होता. तिने नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अराबा असेकोमला निघाली. मास्तरांना तिने बरोबर घेतलं. "एकट्या मासेवालीला कोण खरं सांगणार? तुमचा चष्मा बघून तरी बसायला स्टूल देतील." मास्तर रुबाबात इस्त्रीचा सदरा घालून आले.

बातमीतल्या त्या घरच्या बोआतेंग आजोबांनी स्टूल दिलं, पाणी पुढे केलं आणि सगळं ऐकून डोळे विस्फारले.

"माझ्या घरातले तिघं मेले, आणि मला मातीला कुणी बोलावलं नाही?"

"कुणीच नाही गेलं, आजोबा?"

"गेला एक. माझा थोरला भाऊ, ब्याऐंशीचा. ख्रिसमसपासून अंथरुणाला होता. शेवटचा महिना नुसती पेज. मासा कुठला खातोय?" त्यांनी अंगणातल्या दोन पोरींकडे बोट केलं. "बाकीचे दोन मेलेले ते बघा, दोरीवर उड्या मारतायत. जुलाब झाले होते."

मास्तर उठलेच. झालं काम! अराबा मात्र बसून राहिली. "जुलाब आणखी कुणाला झाले होते?"

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, त्या आठवड्यात नऊ मुलं आली होती, चार घरांतली. त्यातल्या एका घरात कुळाच्या नियमाने तारली वर्ज्य. ती चुलीवर चढतच नाही. मग या चार घरांत सारखं काय? अराबा पाण्याच्या वाटेने चालत गेली. चारही घरं एकाच नव्या विहिरीचं पाणी भरत होती. विहिरीपासून वीस पावलांवर, वरच्या अंगाला, संडासाचा खड्डा होता, पावसाने काठोकाठ भरलेला.

मास्तरांना एकदम ती कुजलेली फळी आठवली. कुणी पाणी भरू नये म्हणून आजोबांनी त्याच दिवशी विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या.

एकुम्बाला परतल्यावर फीफीने माइक पुढे केला. "अराबा आंटी, द्या रेडिओला दणका!"

अराबा शांतपणे बोलली. तिथे कोण मेलं, कोण जिवंत आहे, आम्ही कोणाला भेटलो, नर्सबाई काय म्हणाल्या, विहीर कुठे आहे. शेवटी म्हणाली, "आपल्या किनाऱ्यावर कुणी पावडर टाकतं का, ते मला माहीत नाही. उद्यापासून प्रत्येक होडीचा मासा भट्टीवर चढण्याआधी आम्हा भट्टीवाल्यांतल्या दोघी जणी पोट दाबून, डोळे बघून घेणार. संशय आला तर परत."

"आपल्याच तोंडाने असं सांगायचं?" एकुआ आंटी कडाडली. "आता उरलेसुरले व्यापारीही पळतील!"

व्यापारी तीन दिवस आले नाहीत. टोपल्या उघडून बायका मासे पुन्हा धुराला लावत होत्या. तोवर भोंग्यावरचं बोलणं बाजारापर्यंत पोचलं होतं; चौथ्या दिवशी लॉरी आली. व्यापारीण खाली उतरून म्हणाली, "जी बाई 'मला माहीत नाही' म्हणाली, ती कुठली? तिच्याशी बोलायचंय." संध्याकाळपर्यंत झोपड्या रिकाम्या झाल्या. रेडिओने चूक कधीच सुधारली नाही.

दोन वर्षांनी त्याच भोंग्यातून पटकीची बातमी आली. बायका हसल्या, "पुन्हा सुरू झाला बघा!" अराबाने विचारलं, कुठलं गाव, कोणता दवाखाना, किती जण? या वेळी सगळ्याची उत्तरं होती, नर्सबाईंचं नावसुद्धा. तिने त्याच दिवसापासून पाणी उकळायला लावलं. एकुआ आंटीने न कुरकुरता सगळ्यांत मोठं पातेलं चढवलं.

मास्तर आता ऐंशीला टेकले आहेत. कुणी विचारलं, तुमच्या हाताखालून गेलेलं सगळ्यांत हुशार मूल कोणतं, तर लोकांना डॉक्टर किंवा वकिलाचं नाव अपेक्षित असतं. मास्तर चष्मा पुसतात आणि किनाऱ्याकडे बोट करतात.

अराबा आज सत्तावन्न वर्षांची आहे. मंगळवारी तिच्या भट्ट्या बंद असतात. त्या दिवशी ती चौकटींच्या जाळ्या घासते.