गाळावरची पावडर

दत्तोबाने आणि मी वीस वर्षे पुण्यातल्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुतल्या. तो खाली उतरून तळ खरवडायचा, मी बादल्या ओढायचो.

आधी तोही बाकीच्यांसारखाच होता. वेळ कमी असला की गाळ तसाच ठेवून दोन ओंजळी ब्लिचिंग पावडर जास्त टाकायचा. नळाला वास आला की लोक खूश. मग कसबा पेठेत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नीरजाताई भेटल्या. त्यांनी समजावून सांगितले की पावडरीतल्या क्लोरीनने जंतू मरतात, तो हवाच. पण कुजक्या पाल्यापाचोळ्यात तो मिसळला की पाण्यात दुसरीच द्रव्ये तयार होतात. ती दिसत नाहीत, आणि वर्षानुवर्षे पोटात जाणे बरे नाही. आधी गाळ काढा, मग बेताची पावडर टाका.

तेव्हापासून दत्तोबाला चैन नव्हती. जेवताना मध्येच हात थांबायचा. बुधवार पेठेत गाळ ठेवून आलो ती टाकी पुन्हा बघायला हवी, म्हणायचा. पण उघडून कोण देणार?

पुढे वाघोलीत एका सोसायटीचे काम आले. टँकरचे पाणी, तळाशी पायाच्या घोट्याएवढा गाळ. दुपारपर्यंत निम्मा निघाला. आम्ही भाकरी खायला बसलो आणि टँकर आला. सेक्रेटरी दिगंबरराव घाईत होते. उरलेल्या गाळावर त्यांनी पावडरीची अख्खी पिशवी ओतायला लावली आणि वर पाणी सोडले.

दत्तोबा भाकरी टाकून पळाला आणि पंपाच्या खटक्यापुढे उभा राहिला.

"पावडर पडली, पाणी आलं. आता काय पूजा घालायची आहे?" दिगंबरराव म्हणाले.

"गाळ राहिलाय, साहेब."

"लोक वर कोरडे बसलेत. टाकीचा तळ कोण बघतंय?"

"घरात लहान कोण आहे?"

"नात आहे. का?"

"तिच्यासाठी ह्यातलाच तांब्या भरून न्या. मग खटका मी स्वतः लावतो."

दिगंबरराव टाकीत वाकून बघत राहिले. मग सगळ्यांना उद्यापर्यंत थांबायला सांगायला जिना चढू लागले.

पाणी उपसायला संध्याकाळ झाली. वास जाईपर्यंत झाकण उघडे ठेवले. सकाळी दत्तोबा उतरला, दोन तास खरवडत राहिला. वर आल्यावर त्याने मला कोपरे बघायला पाठवले. मी चारही कोपरे हाताने चाचपले. काही नव्हते. तसे सांगितले.

टँकरवाला हॉर्न वाजवत होता. दत्तोबा कोपरे स्वतः चाचपायला पुन्हा खाली उतरला.