शेवटी उचलायची खुर्ची

सातपूरला जाणाऱ्या कारखान्याच्या बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओळख ठेवावी लागली असती. दर वर्षी मे संपता संपता तो एकटाच आठ दिवस गोव्याला जायचा आणि काळा कुळकुळीत होऊन परतायचा. मनगटावर घड्याळाच्या जागी तेवढा गोरा पट्टा. तो पट्टा दिसला की माझ्या पोटात दुखायचं.

एकदा न राहवून विचारलं, "आता तिथं काय असतं? पावसाआधी किनाऱ्यावरचे बारसुद्धा मोडतात म्हणे."

"म्हणून तर जातो, भाऊ," तो म्हणाला. "ते झावळ्या उतरवतात, टेबलं उचलतात. मी आपला बियर घेऊन वाळूत पाय खुपसून बसतो. मालक म्हणतो, बसा निवांत, तुमची खुर्ची शेवटी उचलू."

आदल्याच आठवड्यात मी तापानं चार दिवस घरी होतो. कामावर आलो तर माझी खुर्ची शेजारच्या खात्यात कोणी तरी नेलेली. तेव्हापासून मी स्टुलावर बसत होतो, आणि ते अजून कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.