पाठीखालची ऊब

चंद्राला आडवं झोपता येईनासं झालं, तेव्हापासून राघोच्या घरातला पलंग नुसता कपडे ठेवायला उरला.

नवरा-बायको भिवंडीतल्या कामतघरच्या एका चाळीत बावीस वर्षं राहत होते. राघो यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. बंद पडलेला लूम त्याच्या हाताला लागला की तासाभरात खडखडू लागायचा. चंद्रा शेजारच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. दिवसभर सुताची भुकटी उडायची आणि संध्याकाळी घरी येताना तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. राघो तिला म्हणायचा, "म्हातारी झाली बग तू." ती पदराने तोंड पुसून चहा टाकायची. पंचेचाळिशी गाठता गाठता तिचा दम उखडला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, आता फुप्फुसं पहिल्यासारखी व्हायची नाहीत. औषधं चालू ठेवा, धुळीपासून लांब ठेवा, थंडी बाधू देऊ नका.

आडवं केलं की ती गुदमरायची. "मला पाडू नका, छातीवर कुनी बसल्यागत वाटतं," म्हणायची. पाठीला उशा लावून बसवलं तर पेंग येताच खाली घसरायची. लेक मैना लग्न होऊन अकलोलीला गेलेली. दिवसा शेजारची हौसा येऊन बसायची. बाकी सगळं राघोवर.

दरम्यान राघोचा कारखाना बंद पडला आणि त्याला जवळच्या पूर्णा गावात काम मिळालं. भाविक नावाच्या तरुणाच्या घरच्यांनी भातखाचरांच्या जागी गोदामं उभी केली होती. त्यातलं एक भाविकने स्वतःकडे ठेवलं आणि डोंगरात मुक्काम करणाऱ्या परदेशी लोकांसाठी सामान शिवायचा धंदा सुरू केला. तिथे मशिनी सांभाळायला राघो लागला. दोन झाडांना बांधून झोपायच्या झोळ्या तिथे शिवल्या जात. कारखान्यात त्यांना हॅमॉक म्हणत. एक दिवस कडेची शिवण तिरकी गेलेली एक झोळी राघोने मागून घेतली आणि घरी माळ्याच्या लोखंडी तुळईला टांगली. डोक्याची बाजू उंच ठेवली. चंद्राला उचलून तीत ठेवलं. ती अर्धवट बसल्यासारखी, अर्धवट निजल्यासारखी झाली, आणि कित्येक महिन्यांनी सलग चार तास झोपली. राघो तिच्याकडे बघत भिंतीला टेकून बसून राहिला.

ही गोष्ट दोन हजार सात सालच्या पावसाळ्यातली. थंडी पडायला लागली तशी नवी अडचण आली.

"अवो, वरनं काय न्हाय, पन खालनं गार लागतंय," चंद्रा म्हणाली.

राघोने झोळीत गोधडी अंथरली. तिच्या अंगाखाली गोधडी दबून पापडासारखी झाली आणि गारठा तसाच येत राहिला. दोन गोधड्या घातल्या तर झोळीचा आकार बिघडून ती एका अंगाला कलंडू लागली. अंगावर जड पांघरूण घ्यावं तर तिला दम लागे.

त्याच आठवड्यात भाविकने तीन पुडकी त्याच्यापुढे ठेवली. "राघोकाका, अमेरिकेच्या गिऱ्हाइकानं विचारलंय. झोळीच्या खालनं टांगायची रजई पायजे. आत नाय, बाहेरनं. माणसाचं वजन तिच्यावर पडतच नाय, त्यामुळे ती दबत नाय, फुगलेली राहते. ही तीन सँपल हायत. कुठली किती गरम आणि पैशाच्या मानानं कुठली परवडते, ते आपल्याला सांगायचंय."

राघोच्या मनात एकदम चंद्राची पाठ आली. तो म्हणाला, "घरी नेऊ का? माझ्याकडं झोपणारं मानूस हाय."

पहिल्या रजईत नुसता पॉलिस्टरचा कापूस होता. दुसरीत बदकाच्या पिसांखालची करडी लव, तिसरीत हंसाची पांढरी लव. कारखान्यात त्या लवेला डाऊन म्हणत. ती चीनवरून यायची. पांढरी रजई हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटायचंच नाही. किंमत मात्र करडीच्या तिप्पट. पिसांचा कण छातीत जाईल म्हणून राघो आधी डॉक्टरांना विचारून आला. डॉक्टर म्हणाले, कापड घट्ट विणीचं असेल तर चालेल, खोकला वाढला तर लगेच काढा. कापडाची वीण राघोला काय सांगायची? त्याने तिन्ही रजयांवर ओठ टेकवून फुंकर मारून बघितली. करडीच्या शिवणीतून एक-दोन काड्या टोचत होत्या, त्या शिवणींवर त्याने मेण घासलं.

मग त्याने आपल्या पद्धतीने मोजमाप लावलं. रबरी पिशवीत कढत पाणी भरून ती झोळीत ठेवायची, खाली रजई टांगायची आणि दर तासाला पाण्याची गरमी थर्मामीटरने बघायची. चार तासांनी पॉलिस्टरवालीतलं पाणी कोमट झालेलं असे. करडीतलं बरंच गरम राही. पांढरीतलं त्याहून तीन अंश जास्त. त्याला आणखी एक गोष्ट कळली, ती भाविकलाही ठाऊक नव्हती. रजई सैल टांगली तर मधल्या फटीतून वारा फिरतो आणि महागातली रजईही फुकट जाते. फार ओढून बांधली तर ती दबते. झोळीच्या पोटाला नुसती टेकेल एवढाच ताण पाहिजे. वीस वर्षं ताण्याच्या सुतावर बोटं ठेवलेल्या माणसाला तो ताण लगेच सापडला.

खरी परीक्षा मात्र चंद्राची. एकेक रजई आठवडाभर. सकाळी ड्युटीवर जायच्या आधी तो विचारायचा आणि ती सांगेल ते कागदावर लिहायचा.

पॉलिस्टरच्या आठवड्यात ती म्हणाली, "पयले दोन दिवस बरी होती. मंग मेली चेपली." पांढरीच्या आठवड्यात ती फारसं बोललीच नाही, पण सात वाजून गेले तरी झोपलेली असायची. राघोला तिला उठवावं लागे. करडी लावली त्या आठवड्याच्या शेवटी त्याने विचारलं, "पांढरी आन् करडी, फरक किती?"

"फरक कसला? येकच हाय."

"थर्मामीटर तर फरक दाकवतो."

"थर्मामीटर झोपतो का झोळीत? मी झोपते. करडी चांगली हाय. त्या पांढरीची किंमत काय करताय, तिला काय सोनं लावलंय?"

भाविकने आधीच सांगून ठेवलं होतं, तुम्हाला पसंत पडेल ती एक काकूंसाठी घ्या, पगारातून थोडे थोडे कापू. पांढरी घेतली असती तर वर्षभर कापत राहावं लागलं असतं. मैनाला पाचवा महिना लागलेला होता, बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. राघोने तीन अंशांच्या आकड्याकडे एकदा बघितलं आणि खाली लिहिलं: अंगाला फरक जाणवत नाही, पैशाच्या मानाने करडी उत्तम. लिहिताना त्याला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं पुढे फार दिवस त्याच्या लक्षात राहिलं.

भाविकने तो कागद इंग्रजीत करून पाठवला. गिऱ्हाइकाने करडीची ऑर्डर दिली. राघोच्या घरी करडी रजई कायमची आली.

फेब्रुवारीत भिवंडीत कधी पडत नाही अशी थंडी पडली. पूर्ण्याच्या रस्त्यावर गोदामांचे हमाल टायर जाळून शेकत उभे राहायचे. राघो रोज सकाळी विचारायचा, "पाठ गरम हाय ना?" चंद्रा म्हणायची, "हाय. जा तुमी, ड्युटीला उशीर होईल." त्या थंडीत कधीतरी तिच्या छातीत कफ धरला. ताप आला, नखं निळी दिसू लागली. राघोने रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, राघो औषधाच्या दुकानातून परत येईपर्यंत, ती गेली. मैना अकलोलीहून निघाली होती, तीही वेळेत पोचली नाही.

दिवसकार्य झालं, मैनाला मुलगी झाली, पाऊस येऊन गेला. राघो कामावर जात होता, घरी येऊन भात शिजवत होता. झोळी त्याने तुळईवरून सोडली नव्हती. एका रविवारी हौसा भाजी घेऊन आली, झोळीकडे बघत उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "भावजी, येक सांगू? पोटात राहत न्हाय माझ्या."

"सांग की."

"तुमी कामावर गेले का चंद्रा मला हाक मारायची. तुमची ती करडी गोधडी, तिच्यात पाठ गार पडायची तिची. मी तिच्या पाठीखाली पेपरच्या घड्या सरकवायची, वर जुनं लुगडं. सांजचं तुमी यायच्या आधी काढून ठिवायची. मला शपथ घातलेली. म्हनायची, ती पांढरी होती त्या आठ दिसांत पयल्यांदा माझ्या पाठीला ऊब लागली, हौसा. पन त्यांना कललं तर तीच घेतील. पोरीचं बालंतपन हाय."

हौसा रडत होती, तिला राघोने पाणी दिलं. ती गेल्यावर त्याने माळ्यावरची वर्तमानपत्रांची थप्पी खाली काढली. मधल्या काही अंकांच्या घड्या पाठीच्या रुंदीच्या होत्या आणि दबून अगदी पातळ झाल्या होत्या. तो त्या एकेक उलगडत बसला.

दुसऱ्या दिवशी तो भाविकसमोर उभा राहिला. "माझा कागद चुकीचा हाय. पांढरी जास्त गरम हाय. कागद बदला."

भाविकने त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, कागद चुकीचा नाय. धडधाकट माणसाला करडी पुरते. गिऱ्हाईक खूश हाय, दुसरी ऑर्डर आलीय. काकूंच्या अंगावर मांस नव्हतं, त्यांना पुरली नाय, एवढंच." तो समजूत घालत होता. पण राघोला वाटलं, कागद खोटा निघाला असता तर बरं झालं असतं. कागद खरा होता आणि थर्मामीटरचा आकडाही खरा होता. तो आकडा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि बायकोचं खोटं त्याला परवडलं म्हणून मानलं होतं.

दिवाळीनंतर त्याने एक पांढरी रजई घेतली. भाविक तशीच देत होता, पण राघोने पगारातून कापायला लावलं. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही. रजई पिशवीसकट पलंगावर पडून राहिली.

डिसेंबरात मागच्या चाळीतल्या नामाची सून त्याला बोलवायला आली. नामा जन्मभर लूमवर उभा राहिलेला म्हातारा. त्यालाही आता आडवं पडता येत नव्हतं. राघो झोळी आणि पांढरी रजई घेऊन गेला. तुळईला दोऱ्या बांधल्या, म्हाताऱ्याला आत बसवलं, खालून रजई टांगली. अर्धा तास थांबला.

"गरम हाय का, नामादा?"

"हाय, हाय. लय गरम. तू जा आता, कशाला खोटी होतो?"

राघो उठला नाही. त्याने झोळीत हात घातला आणि म्हाताऱ्याच्या पाठीखाली सरकवला. खांद्यांशी ऊब होती, कमरेपाशी पाठ गार होती. त्याने रजईची कमरेकडची दोरी बोटभर आवळली आणि पुन्हा हात घालून बसला. सून म्हणाली, "काका, चा घ्या." त्याने मान हलवली. चंद्राला त्याने रोज विचारलं होतं. तिच्या पाठीखाली एकदाही हात घालून बघितलं नव्हतं.

हळूहळू हाताला ऊब लागत गेली. म्हातारा झोपला. राघोने हात काढला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा दुसरा हात मोकळा होता, पण त्याच्या ते ध्यानात आलं नाही. सुनेने चहाचा कप त्याच्याजवळ जमिनीवर ठेवला आणि ती आत गेली.